‘मिंगल’ कुठे वापरायचं?
इंग्रजीतलं ‘मिंगल’ (mingle) हे क्रियापद वापरताना आधी त्यातली हालचाल लक्षात घ्या. समारंभात इकडे दोन शब्द, तिकडे चौकशी, असं फिरत लोकांत मिसळणं म्हणजे मिंगल. कोपऱ्यात एकाच मित्राशी तासभर बोललात, तर ते ‘चॅट’.

खरा घोळ होतो तो ‘त’ प्रत्ययामुळे. मराठीत आपण ‘पाहुण्यांत मिसळली’ म्हणतो, म्हणून हमखास ‘मिंगल्ड इन द गेस्ट्स’ तोंडात येतं. हवं ‘विथ’: ‘शी मिंगल्ड विथ द गेस्ट्स’. ‘आय मिंगल्ड हिम’ तर अजिबात नको. कानाला लगेच खटकतं.

वास, आवाज, भावनाही मिंगल होतात: ‘जॉय मिंगल्ड विथ फिअर’. मनमिळाऊ स्वभाव सांगायचा असेल, तर मात्र ‘सोशेबल’ म्हणा.