इमारतीतल्या लिफ्ट आणि प्रवासी एकाच आकृतीत स्पष्ट कसे दाखवावेत?

बारा मजले, दोन लिफ्ट आणि चढणारे-उतरणारे लोक दाखवताना चित्राचा चिवडा होतो, असं तुम्ही लिहिलंय. होणारच. इमारतीचा उभा छेद काढून त्यात माणसं भरली की फक्त एका क्षणाचा फोटो मिळतो. लोक किती ताटकळले ते त्यात दिसत नाही.

आडव्या अक्षावर वेळ घ्या, उभ्यावर मजले. प्रत्येक लिफ्टची एक रेघ: चालू असेल तेव्हा तिरकी, थांबली की आडवी. ज्या मजल्यावर कोणी बटण दाबलं तिथे ठिपका, आणि तिथपासून लिफ्ट येईपर्यंत लाल आडवी रेघ. लाल रेघेची लांबी म्हणजे त्या माणसाने पाहिलेली वाट.

माझे वडील भुसावळला रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे मार्गाच्या एका टप्प्यावर कोणती गाडी कधी सोडायची ते ठरवणारे. त्यांच्या टेबलावर असाच चार्ट पसरलेला असे: आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची पेन्सिलने ओढलेली तिरकी रेघ. रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या रेघा छेदतात तिथे क्रॉसिंग, म्हणजे एकीने थांबून दुसरीला वाट द्यायची. आता हे काम संगणकावर होतं, पण चार्ट तोच आहे.

आमच्या सोसायटीत सकाळी लिफ्टची बोंब होती आणि कमिटीला तिसरी लिफ्ट हवी होती. ठेकेदाराने सभेत रंगीत चित्र आणलं, कापलेली इमारत आणि मजल्यामजल्यावर बाहुल्या. सगळे खूश. मी प्रत्येक मजल्यावरच्या एकाला बटण दाबल्याची वेळ व्हॉट्सॲपवर टाकायला सांगितली, केबिनमधल्या सीसीटीव्हीवरून थांबे उतरवले आणि वडिलांसारखा चार्ट काढला. दोन्ही लिफ्टच्या रेघा एकमेकींना चिकटून वर जात होत्या आणि चिकटूनच खाली येत होत्या. दोघींची बटणं वेगळी, घाईतला प्रत्येक जण दोन्ही दाबणार. एक त्याला घेऊन जाते, दुसरी त्याच मजल्यावर रिकामं दार उघडते. यावर इलाज तिसरी लिफ्ट नव्हता. दोन्ही एकत्र जोडून डुप्लेक्स करायच्या होत्या, म्हणजे एका बटणावर सोयीची असेल तीच येते.

सेक्रेटरी म्हणाले, "हा ईसीजी कोणाला कळणार? लोकांना चित्र लागतं." शेवटी डुप्लेक्सच झालं आणि तिसऱ्या लिफ्टचा विषय मिटला, तरी ते अजून तेच म्हणतात. मीही अजून तेच म्हणते: रेघ कशी वाचायची हे दोन मिनिटांत सांगता येतं, तेवढी तसदी मांडणाऱ्याने घ्यावी. लोकांना कळत नाही म्हणून आजार झाकणारं चित्र लावायचं, हे मला पटत नाही.

हो, लिफ्ट चारपेक्षा जास्त असतील तर रेघांचा गुंता होतो, मग प्रत्येकीची पट्टी वेगळी काढा. जिथे लॉबीतच मजला दाबून लिफ्टचं नाव मिळतं, तिथे प्रवाशाची रेघ त्याला मिळालेल्या लिफ्टच्या रंगात काढा. आणि तुम्हाला नुसती एका क्षणाची स्थिती दाखवायची असेल, तर छेदचित्र चालेल. केबिनवर दिशेचा बाण आणि माणसाच्या जागी त्याच्या उतरायच्या मजल्याचा आकडा, एवढं पुरे.