निसर्गाची जास्त हानी कशामुळे होते: जमिनीच्या वापरामुळे की तंत्रज्ञानामुळे?

तुम्ही विचारलं आहे की माणूस जमीन ज्या तऱ्हेने वापरतो आणि जी यंत्रं-तंत्रं वापरतो त्यांचा निसर्गावर काय परिणाम होतो, आणि दोन्हींत जास्त दोष कुणाचा.

मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. या विषयावर मुलांकडून ठरलेलं उत्तर यायचं. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. डावीकडे ‘उत्पादन वाढले’, उजवीकडे ‘प्रदूषण वाढले’. मार्क द्यावेच लागत, कारण चूक असं काही नसायचं. पण तो तक्ता वाचून एखाद्या ठिकाणी नेमकं काय बिघडलं हे कधी कळायचं नाही.

थेट उत्तर हवं असेल तर ते असं. जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीच्या ऱ्हासाचं सर्वांत मोठं कारण जमिनीच्या वापरातला बदल हे आहे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०१९च्या अहवालात तसं स्पष्ट म्हटलं आहे. ‘जमीन-वापर’ म्हटलं की डोळ्यांसमोर शहरं येतात, पण राहण्याजोग्या जमिनीपैकी शहरांखाली जेमतेम एक टक्का आहे. शेती आणि चराई मिळून जवळपास निम्मी. त्या निम्म्यातलाही तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग जनावरांसाठी, म्हणजे कुरणं आणि चारापिकं यांत गुंतलेला आहे. तेव्हा पृथ्वीचा चेहरा बदलला तो शेतीने. कारखाने-इमारती नजरेत भरतात, एवढंच.

पण दोष वाटून द्यायला गेलात की जमीन-वापर आणि तंत्रज्ञान एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. म्हणून मी मुलांना दुसराच प्रश्न विचारायला लावत असे: ही जमीन इतकी वर्षं वाचली कशी? बहुतेक ठिकाणी उत्तर निघतं की ती वापरायला अवघड होती म्हणून. माती चिवट होती, पाणी खोल होतं, दलदल होती, वाट नव्हती. कुणीतरी ती अडचण दूर करणारं अवजार आणतो. ती अडचण हेच त्या जमिनीचं कुंपण होतं, हे मागाहून लक्षात येतं.

उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचंच घ्या. तिथल्या गवताची मुळं खोल आणि एकमेकांत गुंतलेली, माती काळी आणि चिकट. बिडाच्या नांगराला ती अशी चिकटायची की थोडं चालून थांबायचं, फाळ खरवडायचा, पुन्हा चालायचं. १८३७मध्ये इलिनॉयमधल्या जॉन डिअर या लोहाराने घासून गुळगुळीत केलेला पोलादी फाळ वापरला आणि माती त्यावरून घसरून पडू लागली. हळूहळू नांगर पश्चिमेकडच्या जास्त कोरड्या मैदानांपर्यंत पोचला. पहिल्या महायुद्धात गव्हाला चांगला भाव आला आणि त्यानंतरच्या दशकात ट्रॅक्टर आले. मग भाव कोसळले. भाव पडला तर पेरा कमी होईल असं आपल्याला वाटतं. झालं उलटं. यंत्रांचं कर्ज डोक्यावर, म्हणून तेवढेच पैसे मिळवायला लोकांनी आणखी जमीन नांगरली.

त्यात १९३१पासून पाऊस हटला. दुष्काळ त्या भागाला नवा नव्हता. आधीचे दुष्काळ गवतावर पडले होते, हा उघड्या मातीवर पडला. १९३४च्या मे महिन्यात तिथली धूळ वाऱ्याबरोबर न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत गेली. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी काळ्या धुळीची भिंतच चालून आली आणि भर दिवसा अंधार झाला. त्याच महिन्याच्या शेवटी मृदा-संवर्धनाचा कायदा झाला, आणि मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट यांच्या देखरेखीखाली समतल (म्हणजे उताराला आडवी) नांगरट, पट्ट्यापट्ट्याने पिकं, वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा आणि काही जमीन पुन्हा गवताखाली आणणं सुरू झालं.

आता इथे दोषी कोण? नांगर, गहू, बाजारभाव की पाऊस? मुलं पाऊस म्हणायची. मी म्हणायचो, पावसाला सोडा, तो तिथे आधीपासून तसाच लहरी होता.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्याच मैदानांच्या पोटात ओगालाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, आठ राज्यांखाली पसरलेला. पवनचक्कीच्या पंपाने त्यातून गुराढोरांपुरतं पाणी निघायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ताकदवान पंप आणि गोल फिरणारे सिंचनाचे लांबलचक दांडे आले (फ्रँक झायबाक यांचं पेटंट १९५२चं), आणि विमानातून दिसणारी ती हिरवी वर्तुळं उमटू लागली. धुळीचा प्रदेश पुन्हा धान्याचा झाला. पण त्या साठ्याच्या दक्षिण भागात पाणी मुरण्याचा वेग इतका कमी आहे की तिथला उपसा म्हणजे पाण्याची खाणच. मातीची अडचण दूर केल्यावर जे बिघडलं, ते पाण्याची अडचण दूर करून झाकलं.

पंप काय करतो हे पाहायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यातलं १९७७चं एक छायाचित्र शोधा. जोसेफ पोलंड हे भूजलशास्त्रज्ञ एका विजेच्या खांबाशी उभे आहेत. खांबावर त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर एक पाटी आहे: १९२५. मध्ये दुसरी: १९५५. पायाशी तिसरी: १९७७. त्या त्या साली जमीन कुठे होती हे त्या पाट्या सांगतात. बावन्न वर्षांत जमीन जवळपास नऊ मीटर खाली बसली, कारण खालच्या चिकणमातीच्या थरांतलं पाणी ओढून घेतल्यावर ते थर दाबले गेले. दाबले गेलेले असे थर पुन्हा पाणी मुरवलं तरी पूर्ववत फुगत नाहीत. म्हणजे पाणी गेलंच, शिवाय ते साठवायची जागाही गेली. मी हे छायाचित्र वर्गात लावलं की आधी कुणालाच काही कळायचं नाही. कळलं की मात्र वर्ग एकदम शांत व्हायचा.

अमोनियाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत असते. हवेतल्या नत्रापासून अमोनिया, म्हणजे नत्रखतांचा कच्चा माल, करण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे कारखान्याच्या पातळीवर आली. शेतीला नत्राचा तुटवडा असे, ती अडचण गेली. आज जगातले जवळपास निम्मे लोक या नत्रावर पोसले जातात, त्यामुळे तिला नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही. पण टाकलेल्या नत्रातलं ढोबळमानाने निम्मंच पीक घेतं. उरलेल्यातलं बरंचसं पाण्याबरोबर वाहतं, समुद्रात शेवाळ माजवतं, आणि ते शेवाळ मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मिसिसिपी नदीच्या मुखापुढे दर उन्हाळ्यात असा निर्जीव पट्टा तयार होतो. २०१७मध्ये तो २२,००० चौरस किलोमीटरच्याही वर गेला होता.

रस्त्याचं तर कुणी नावच घेत नाही, कारण तो तंत्रज्ञान वाटतच नाही. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातला बीआर-३६४ हा महामार्ग १९८४पर्यंत डांबरी झाला. उपग्रहाच्या चित्रांत दिसतं की आधी जंगलात एक रेघ उमटते, मग तिला दोन्ही बाजूंनी आडव्या रेघा फुटतात, हुबेहूब माशाच्या काट्यासारख्या. मधलं जंगल तसंच उभं असलं तरी ते पहिलं जंगल राहत नाही. ब्राझीलच्याच ॲमेझॉन जंगलातल्या मनाउस शहराजवळ थॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाने सुरू केलेला प्रयोग १९७९पासून चालू आहे. एक, दहा आणि शंभर हेक्टरचे जंगलाचे तुकडे सुटे पाडून त्यांत काय होतं ते पाहायचं. कडेने ऊन-वारा शिरतो, जमीन सुकते, मोठी झाडं मोडून पडतात, आणि मुंग्यांच्या फौजेमागे फिरून किडे टिपणारे पक्षी छोट्या तुकड्यांतून लवकरच नाहीसे होतात. त्यांना लागतं तेवढं जंगल तिथे उरलेलं नसतं. २०१५च्या एका अभ्यासानुसार जगातलं सुमारे ७० टक्के उरलेलं जंगल कुठल्या ना कुठल्या कडेपासून एका किलोमीटरच्या आत आहे. झाडं किती तुटली याचे आकडे आपण मोजतो, ही कड मोजत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तंत्रज्ञान काही वाचवतच नाही का? वाचवतं, आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. १९६१पासून जगातलं धान्य-उत्पादन तिपटीहून अधिक वाढलं, पण धान्याखालची जमीन त्या मानाने अगदी किंचित वाढली. जुन्या बियाण्यांवर आणि जुन्या खतांवर एवढं धान्य काढायचं तर किती जंगलं नांगराखाली गेली असती, याचा हिशेब करून पाहा. फक्त एक खोच आहे. कोळशाबद्दल विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्येच दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट काटकसरीने वापरता येऊ लागली की तिचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो. जमिनीचंही पुष्कळदा तसंच होतं. एखादं पीक जास्त किफायतशीर झालं की ते त्या भागात पसरतं.

उपग्रहांचंही असंच. ब्राझीलने २००४पासून जंगलतोडीवर जवळजवळ रोजची नजर ठेवली, त्यावरून छापे घातले, दंड केले, कर्जं अडवली. २००४मध्ये वर्षाला २७,००० चौरस किलोमीटरहून जास्त असलेली ॲमेझॉनमधली तोड २०१२मध्ये ५,०००च्या खाली आली. पुढे कारवाई ढिली पडली आणि २०२१मध्ये ती १३,०००वर गेली. उपग्रह तेव्हाही वरून सगळं पाहतच होते.

ओझोनचं उदाहरण मी मुद्दाम बाजूला ठेवलं. १९८५मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि १९८७मध्ये तो थर विरळ करणारी सीएफसीसारखी रसायनं आवरण्यासाठी देशांमध्ये माँट्रियलचा करार झालाही. लोक म्हणतात, बघा, ठरवलं तर जमतं. खरं आहे, पण ती रसायनं मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय काढता येत होता. जमिनीला पर्याय नाही, आणि ती वापरणारे कोट्यवधी आहेत. म्हणून जमिनीचे प्रश्न तितक्या झटपट सुटतील ही आशा मी धरत नाही.

शेवटी, मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलेलं उदाहरण. इंडोनेशियात, बोर्निओ बेटाच्या कालिमंतान भागात, पीटची दलदल आहे. पीट म्हणजे पाण्यात बुडून अर्धवट कुजलेला पाला-लाकूड, कित्येक मीटर जाड. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून तो पुरता कुजत नाही आणि त्यातला कार्बन तिथेच राहतो. पीटची जमीन पृथ्वीच्या भूभागाच्या सुमारे तीनच टक्के आहे, पण तिच्यात जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन आहे. ही जमीन वाचली होती ती निव्वळ चिखलामुळे. १९९५मध्ये सरकारने ठरवलं की इथल्या दहा लाख हेक्टरांत भात पिकवायचा. पुढच्या वर्षापासून यंत्रांनी हजारो किलोमीटर कालवे खोदले. कालव्यांनी पाणी आणायचं होतं, ते त्यांनी दलदलीतून बाहेर काढून नेलं. माती आम्लधर्मी, भात जवळजवळ पिकलाच नाही. १९९७मध्ये एल निनोमुळे पाऊस लांबला, सुकलेल्या पीटने पेट घेतला आणि आग जमिनीखालून महिनोन्महिने धुमसत राहिली. धूर शेजारच्या देशांवर पसरला. प्रकल्प १९९८-९९मध्ये गुंडाळला, पण कालवे तिथेच होते. त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि पुढच्या कोरड्या वर्षांत, २०१५मध्येही, तिथे पुन्हा आगी लागल्या.

आता तिथे फळ्या आणि माती घालून तेच कालवे जागोजागी अडवतात. पाणी पुन्हा पीटच्या पातळीपर्यंत चढावं आणि पीट ओला राहावा, एवढंच त्यातून साधायचं असतं. पाणी चढलं की आग थांबते, कुजणं मंदावतं. जळून गेलेला थर मात्र वर्षाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने भरतो. एक मीटर पीट गेला असेल तर त्याला किती वर्षं लागतील हे गणित मी वर्गात तोंडी घालायचो.