वाचकांचे प्रश्न : सेवाभाव संपला, की शरीर थकले?

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका रुग्णालयात अनेक वर्षे परिचारिका आहे. पावसाळा लागला की लेप्टोचे, सर्पदंशाचे रुग्ण वाढतात, वॉर्ड भरून जातो आणि नाईटला आम्ही दोघीच असतो. मध्यंतरी ‘सिस्टर, सलाईन संपत आलंय’ असे पुन्हा पुन्हा सांगायला येणाऱ्या एका आजींवर मी खेकसले आणि नंतर मला त्याचे काहीच वाटले नाही, याची मला भीती वाटते. घरचे म्हणतात, गणपती झाले की राजीनामा दे. मी काय करू?
— एक परिचारिका, कुडाळ तालुका

उत्तर : ताई, काहीच वाटले नाही याची ज्या माणसाला भीती वाटते, त्याच्यातील माया आटलेली नसते, हे आधी मनाशी पक्के करा. तुमच्या या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची जी व्याख्या केली, तीत तीन खुणा सांगितल्या आहेत : अंगातील त्राण जाणे, कामाविषयी मन दुरावणे किंवा कडवट होणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. कामाचा ताण दीर्घकाळ साचत राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही की ही अवस्था येते, असे संघटना म्हणते. तिची गणना आजारांत केलेली नाही. आजींवर खेकसणे ही त्यांतील दुसरी खूण आहे, आणि ‘नर्सने सोसायचेच असते’ असे म्हणणाऱ्यांनी ती तुमच्या स्वभावावर ढकलू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट झोपेची. नाईट करून सकाळी घरी आलेली आपल्याकडची बाई पाणी भरते, मासळी साफ करते, मुलांचे डबे करते आणि दुपारी डोळा लागतो न लागतो तोच दारात कोणीतरी हाक मारते. रात्रपाळीनंतरची झोप उजेडामुळे आधीच तुटक असते, त्यात ही भर. नाईटच्या दिवशी खोली काळोखी ठेवून सलग झोपू देणे हे घरच्यांचे काम आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. पहाटेचा शेवटचा चहाही टाळून पाहा.

गणपतीच्या रजेला मात्र विश्रांती समजू नका. चाकरमानी आले की ते दिवस सरबराईत जातात, म्हणून रजा त्याआधी किंवा नंतर, निराळी मागा. काही महिन्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग किंवा लसीकरणाचे काम मिळावे, असा अर्जही मेट्रनकडे लेखी द्या; तोंडी विनंती रोजच्या गडबडीत विरून जाते.

हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्या, कारण त्यांतील बिघाडानेही असाच थकवा येतो. सुट्टीच्या दिवशीही उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवे. जगणे नको असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे चोवीस तास बोलता येते.

राजीनाम्याचा निर्णय तूर्त लांबणीवर टाका, विशेषतः नाईट संपवून आलेल्या सकाळी तो मुळीच घेऊ नका. रजा आणि कामातील बदल मिळूनही मन वॉर्डाकडे वळत नसेल, तर नोकरी सोडण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र गोव्यात किंवा मुंबईत दुसरी नोकरी पाहताना पगाराआधी महिन्याला नाईट किती आणि एका पाळीत रुग्ण किती, हे तेथे काम करणाऱ्या परिचारिकांनाच विचारा.