मिरजेच्या हॉस्पिटलातली रिसेप्शनची नोकरी: घ्यावी की नको?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीकॉम झालीये, मिरजेतल्या एका हॉस्पिटलातून रिसेप्शनिस्ट म्हणून बोलावणं आलंय, तिला जायचंय, आणि तिच्या बाबांचं म्हणणं की गोड बोलून फोन उचलायची नोकरी ती, दोन वर्षांत एआय खाऊन टाकेल, त्यापेक्षा घरी बसून बँकेच्या परीक्षा दे. तुम्ही मधल्यामधे अडकलाय.

बाबांचं अर्धं खरंय, ते मी झाकून ठेवत नाही. अपॉइंटमेंट देणं, डॉक्टर किती वाजता येणार ते सांगणं, नाव-पत्ता विचारून केसपेपर काढणं, हे काम हातातून चाललंय. बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत ओपीडीच्या दारातच क्यूआर कोड लावलाय, आभा कार्डवाल्यांनी (म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र असलेल्यांनी) मोबाईलवर स्कॅन केला की माहिती जाते आणि टोकन येतं, रांग नाही. मोठ्या ऑफिसांच्या रिसेप्शनला टॅबलेट ठेवलेत, पाहुण्यानेच नाव टाकायचं, फोटो काढायचा. तसल्या ऑफिसातली नोकरी असती तर मीच म्हटलं असतं दहादा विचार करा.

पण हॉस्पिटलचं काउंटर म्हणजे वेगळंच प्रकरण आहे, आणि हे मी बसून बघितलंय. सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर डिस्चार्ज लिहून झाला, पण कॅशलेसची, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरायची, अंतिम मंजुरी अडकली, कारण पॉलिसीवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. नियम म्हणाल तर विमा नियामकाने 2024 मध्येच सांगितलंय की कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, पण कागदातच घोळ असला की सगळं तिथंच थांबतं. तर काउंटरवरची मुलगी, असेल बावीस-तेवीसची, तिने फोन खांद्यात धरून टीपीएवाल्याशी (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघतात ते) वाद घालत घालत आमच्याकडून अर्ज लिहून घेतला, पॅनची झेरॉक्स जोडली, आणि वर म्हणाली, काका जेवून घ्या, चारपर्यंत येतंय. पावणेचारला आलं. मधेच अथणीकडची एक म्हातारी प्लास्टिकच्या पिशवीतनं फायली घेऊन आली, तर तिच्याशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलून तिला एक्सरेकडे पाठवलं. आता मिरजेला कर्नाटकातनं किती पेशंट येतात ते मी तुम्हाला काय सांगू.

मशीन काउंटरवर बसवून बघितलेल्यांचंही एक ऐका. जपानात नागासाकी प्रांतात 2015 मध्ये एक हॉटेल निघालं, हेन ना नावाचं, रिसेप्शनला चक्क रोबो डायनासोर. 2019 पर्यंत त्यांनी निम्म्याहून जास्त रोबो काढून टाकले, पासपोर्टची झेरॉक्स काढायला शेवटी माणूसच यायला लागायचा म्हणे. अर्थात यावर फार विसंबू नका, मशीन तेव्हापेक्षा आता बरीच हुशार झालीयेत.

तर माझं मत, नोकरी घेऊ दे, पण फोनवर बसून राहायला नाही. पहिले सहा महिने रिसेप्शन करायचं आणि त्यातच बिलिंग आणि इन्शुरन्स डेस्कच्या मागे लागायचं. बीकॉम आहे ना, मग बिल वाचता येणं, पॅकेजमध्ये काय बसतं, क्लेम कशामुळे परत येतो, हे ती पटकन उचलेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची अंगीकृत हॉस्पिटलं असतात तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडून ते कागद कसे चालतात तेही बघून ठेवायचं. कन्नड कामापुरतं तरी शिकायचंच. आणि कुणी रिसेप्शनिस्टचा डिप्लोमा म्हणून पंचवीस-तीस हजार मागितले तर एक रुपया द्यायचा नाही, जे लागतं ते काउंटरवर पगार घेऊन शिकता येतं, वर फारतर मराठी-इंग्रजी टायपिंगची सरकारी परीक्षा द्यावी.

बँकेच्या परीक्षेचं म्हणाल तर सोडायला कोण सांगतंय? सकाळची शिफ्ट मागून घ्या, संध्याकाळ अभ्यासाला राहते. नाईट असेल तर घरी सोडायला गाडी आहे का ते आधी विचारा, हे मुलीने नाही विचारलं तर तुम्ही विचारा, लाजू नका. पीएफ आणि ईएसआय कापणार का आणि नेमणुकीचं पत्र कधी मिळणार तेही. पत्र द्यायला टाळाटाळ करत असतील तर मिरज-सांगलीत हॉस्पिटलांना तोटा नाही, दुसरीकडे बायोडेटा टाकू दे.