पॅकला पहिला चेक देण्याआधी

रेसिडेन्सी (डॉक्टरकीचं प्रशिक्षण) संपली आणि मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, दरकपातीवरून डॉक्टरांच्या पॅकला (निवडणुकीसाठी पैसे गोळा करणाऱ्या राजकीय समितीला) पैसे द्यायचेत म्हणतोस, झकास! पण आधी व्हिसा बघ. एच-१बी किंवा जे-१ वर असशील तर अमेरिकेत निवडणुकीसाठी एक डॉलरही देता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की खुशाल दे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- क्लिनिकच्या कॉर्पोरेशनचा चेक फाडणं. मीही फाडला होता, आठवड्यात परत आला! स्वतःच्याच खात्यातून दे.
- करसवलत धरून चालणं. मिळत नाही.

वर्षाला २०० डॉलरच्या वर गेलास की नाव, पेशा, नोकरीचं ठिकाण सगळं जाहीर होतं. पेशंटही वाचू शकतात. मर्यादा वर्षाला ५,००० ची असली तरी तुला सध्या शंभर पुरेत. राज्यांचे नियम नंतर बघू.