फिरण्याची आवड आहे, म्हणून परदेशात स्थायिक व्हावे का?

प्रश्नकर्ते खानापूर तालुक्यातील असून पंचविशीच्या आसपासचे आहेत. पावसाळ्यात आंबोली आणि चोर्ला घाट, थंडीत गोवा, मे महिन्यात जांबोटीकडचे आजोळ असे त्यांचे वर्षभर फिरणे चालू असते. युरोपातील चित्रफिती पाहून आता तिकडेच कायमचे राहावे असे त्यांना वाटू लागले आहे आणि घरची मंडळी त्याला खूळ म्हणतात. इतकी आवड असणाऱ्याने परदेशात स्थायिक व्हावे की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी बेळगावात शहापूर भागात राहतो आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रविभागात काम करतो. २०१६ ते २०१८ या काळात सुमारे सव्वादोन वर्षे मी नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहिलो होतो. परदेशी राहायला माझी अजिबात हरकत नाही, मात्र फिरायला आवडते हे तिकडे राहायला जाण्याचे कारण होऊ शकत नाही, असे माझे मत आहे. फिरण्याची हौस वेगळी आणि परक्या मुलखात संसार मांडण्याची तयारी वेगळी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधला की फसगत होते. माझी झाली होती.

आपण आंबोलीला जातो तेव्हा नेमके काय घडते, ते आठवून पाहा. पहाटे सहाला घर सोडायचे, हिंडलगा मागे टाकून शिनोळीपाशी राज्य ओलांडायचे, चंदगडच्या अलीकडेपलीकडे रोप लावणीत वाकलेली माणसे पाहत घाटमाथा गाठायचा, धबधब्याखाली मनसोक्त भिजायचे, गरम भजी आणि मक्याचे कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. आंबोलीवरून सावंतवाडीला उतरून गोव्यातून चोर्ला घाटाने परत आले, तर एका रविवारात तीन राज्ये होतात आणि सोमवारी कामावरही जाता येते. त्या दिवसाची सगळी गोडी परतण्यात आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. ओले कपडे वाळत घालायला घरची दोरी असते आणि दार उघडणारे कोणीतरी असते. त्याच आंबोलीत जुलैचे एकतीस दिवस काढणाऱ्याला विचारा. भिंतींना आलेली ओल, न वाळणारे अंथरूण आणि चार दिवस गेलेली वीज याखेरीज तो फारसे काही सांगणार नाही.

जर्मनीत माझे पहिले तीन महिने असेच ओले अंथरूण वाळवण्यात गेले. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्या कागदावाचून बँकेचे खाते आणि पुढची बरीच कामे अडतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा आणि कोणता डबा कोणत्या दिवशी रस्त्यावर ठेवायचा याचे वार्षिक पत्रक असते. ते मी स्वयंपाकघराच्या दारावर आपल्या पंचांगासारखे लावले होते. रविवारी दुकाने कायद्यानेच बंद असतात. शनिवारी संध्याकाळी कांदे आणायचे विसरले, तर सोमवारपर्यंत कांद्याविना दिवस काढायचे. बेळगावच्या रविवार पेठेत दिवसभर गजबज पाहत वाढलेल्या माणसाला तो शांत रविवार अंगावर येतो.

आणि नोव्हेंबर! १ नोव्हेंबरला आपल्या बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे सीमाभागातील मराठी माणसे काळा दिन पाळतात, असे एकाच तारखेला दोन दिवस असतात. योगायोग असा की श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्येही १ नोव्हेंबरला सुट्टी असते. ती संतांच्या आणि मृतांच्या स्मरणाची असते आणि लोक कबरींवर लाल काचेतले दिवे लावून येतात. तिथून पुढे दिवस आखडत जातो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे जेमतेम सव्वाआठ तासांचा दिवस असतो, आपल्याकडे त्याच सुमारास अकरा तासांहून अधिक असतो. अंधारात कामाला जायचे आणि अंधारातच परत यायचे. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. गल्लीतल्या मुलांनी केलेल्या मातीच्या किल्ल्याचे छायाचित्र धाकट्या भावाने पाठवले होते, आणि ते मी भ्रमणध्वनीवर इतक्या वेळा मोठे करून पाहिले की किल्ल्याच्या बुरुजावर ठेवलेला मावळा उलटा उभा आहे हेही मला दिसले.

फिरणे झाले नाही असे नाही. वसंतात मी ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे ‘काळे जंगल’ नावाच्या भागातील ट्रीबेर्गच्या धबधब्याला गेलो. तो एकूण १६३ मीटर उंचीचा असून सात टप्प्यांत कोसळतो; आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा आहे, त्यामुळे आकड्यांवरून मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो. दारात तिकीट काढायचे, कठड्याच्या आखीव वाटेने चढत जायचे, वाटेत खारींना शेंगदाणे घालायचे. शेंगदाण्यांच्या पुड्या तिकिटाच्या खिडकीतच मिळत होत्या. पाणी स्वच्छ, वाट स्वच्छ, कोणी भिजत नाही आणि कोणी ओरडतही नाही. सगळे छान होते, तरी मला करमेना. पावसाळ्यात मातीच्या रंगाची घटप्रभा गोकाकच्या कड्यावरून उडी घेते, तेव्हा झुलत्या पुलावर उभे राहिले की पायांखालच्या फळ्या थरथरतात. ती थरथर तिथे नव्हती. हा काही त्या धबधब्याचा दोष नव्हे. मी तिथेही गोकाकच शोधत होतो.

फिरणे म्हणजे काय, याविषयी मला तिथे खरे शिकवले ते माझ्या घरमालकीणबाईंनी. त्या सत्तरीच्या होत्या आणि दर रविवारी दुपारी गावामागच्या द्राक्षमळ्यांतून सहा किलोमीटरची एकच वाट चालत असत. वर्षानुवर्षे तीच वाट. कंटाळा येत नाही का, असे मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारले, तेव्हा त्यांनी मला सोबत चलण्यास सांगितले. फेब्रुवारीत वेलींची छाटणी चालली होती. मेमध्ये शतावरीच्या कुळातली पांढरी कोंबांची भाजी, श्पार्गेल, प्रत्येक वळणावर विकायला आली होती. ती २४ जूनपर्यंतच काढायची असा शेतकऱ्यांचा संकेत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी झाडाला जोर राहतो. शरद ऋतूत एका घराच्या दारावर केरसुणी टांगलेली दिसली. मला वाटले विसरली असेल. बाई हसून आत शिरल्या. द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला वर्षातून फार तर चार महिने आपल्याच घरात आपली वारुणी आणि साधे जेवण विकता येते, आणि तशी विक्री चालू असल्याची खूण म्हणून तो दाराला झाडू टांगतो, हे तिथे बाकावर बसल्यावर कळले. पुढे मी एकटाही ती वाट चालू लागलो. त्या दोन वर्षांत मी पॅरिस पाहिले आणि आल्प्सही पाहिला, पण डोळे मिटल्यावर आठवते ती सहा किलोमीटरची वाट.

परत आल्यावर मी चोर्ला घाटाच्या वाटेवरील कणकुंबी गावाशी तसेच वागायला सुरुवात केली. पूर्वी मी तिथे फक्त जुलैत, गाडीच्या काचेतून धुके पाहायला जात असे. आता वर्षातून चार-पाच वेळा जातो. मे महिन्यात रस्त्याकडेला बायका दुरड्यांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात आणि पानांच्या द्रोणात मापून देतात. करवंदाचा चीक बोटांना असा चिकटतो की घरी आल्यावर तेल लावूनच काढावा लागतो. पावसात माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम पाहावा. इथून ती पूर्वेला निघते आणि खानापूर, सौंदत्ती करत कूडलसंगमला कृष्णेस मिळते. आणि याच तालुक्यातल्या रानात पडलेले दुसरे पाणी म्हादईच्या रूपाने पश्चिमेला गोव्यात उतरते. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना जाते, ही गोष्ट मला चाळिशीत कळली, याची थोडी लाजही वाटते. ऑक्टोबरात भात पोटरीला आले, की गव्यांच्या भीतीने शेतकरी माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवतात. एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्यासोबत मी अशा माळ्यावर रात्र काढली. पहाटे तीनच्या सुमारास खाली काहीतरी जड श्वास घेत उभे होते आणि आम्ही दोघे डबा वाजवायचेच विसरलो होतो.

पावसाळ्याविषयी जाता जाता एक सांगतो. खानापूरच्या जंगलातील धबधब्यांवर अलीकडच्या पावसाळ्यांत वनखाते बंदी घालते, तेव्हा चौकशी केल्याशिवाय निघू नका; आणि दूधसागरला रेल्वेरुळांवरून चालत जाणे हा गुन्हा आहे, कितीही जण जात असले तरी.

आता परदेशी राहण्याकडे वळतो. तिथे टिकण्यासाठी लागणारी एक गोष्ट तुमच्यापाशी आधीपासून आहे, पण ती तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही. आपण सीमाभागातली माणसे घरात मराठी बोलतो, कचेरीत कन्नड अर्ज भरतो, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये वाचून घेतो, कारखान्यात हिंदी आणि इंग्रजी वापरतो, डिचोलीच्या बाजारात कोंकणीत भाव करतो. न कळणाऱ्या लिपीतला कागद हातात आला म्हणून आपण घाबरत नाही. कोणाकडून वाचून घ्यायचा आणि सही कुठे करायची हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्यामागचे राजकारण आणि त्यातली दुखणी बाजूला ठेवतो, तो या प्रश्नाचा विषय नाही. पण माझ्याबरोबर मोठ्या शहरांतून आलेले दोन सहकारी पहिल्या सरकारी पत्रानेच हबकले होते, तेव्हा मी ते पत्र घेऊन शांतपणे शेजाऱ्याच्या दारात उभा होतो.

तेव्हा खरोखर जायचे असेल, तर आधी भाषेला लागा. जर्मनीचेच बोलायचे तर परिचारिकेच्या कामासाठी बी-२ पातळीची, म्हणजे मध्यमाहून वरची जर्मन मागतात. यंत्रविभागात इंग्रजीवर नोकरी मिळते, परंतु जेवणाच्या सुट्टीत टेबलावर एकटे बसावे लागते. शिकायला जायचे असेल, तर सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नसते हे खरे, पण एका वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो गोठवलेल्या, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे एपीएस प्रमाणपत्रही लागते. आपल्या पदवीच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

एजंटांपासून जपा. आमच्या गल्लीतील एका मुलाने नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाला दोन लाख रुपये दिले आणि तो आखातात पर्यटक व्हिसावर जाऊन पोहोचला. काम मिळाले नाहीच, परतीचे तिकीट वडिलांनी पाठवले. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ती नोंदणी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि सध्याच्या नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून कर सोडून ३०,००० रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याहून अधिक मागणाऱ्याला पहिल्याच भेटीत नमस्कार करून उठावे.

घरच्यांना खूळ वाटते, त्यावर वाद घालू नका. आधी पासपोर्ट काढा. मला त्यासाठी हुबळीच्या खेपा घालाव्या लागल्या होत्या, आता बेळगावातच टपाल कार्यालयात सोय आहे. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. मग पैसे साठवून एकदा तीन आठवड्यांसाठी जाऊन या. युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे, त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, काम मात्र करता येत नाही, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तीन आठवड्यांत आठ देश करू नका. एकाच लहान गावात खोली घ्या, स्वतः रांधा, दुकानातून कांदे आणा आणि रविवारी लोक करतात तेच करा. आणि जून-जुलैत जाऊ नका, तेव्हा तिकडे कोणालाही कायमचे राहावेसे वाटते. नोव्हेंबरात जा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेमध्ये आजोळी जाताना कागदपत्रांची पिशवी सोबत घेऊन गेलात तरी चालेल.