राक्षसांचे वाण

प्रश्न : काका, मी अकरावीला आहे. 'रेसिडेंट इव्हिल' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतल्या सगळ्या अवाढव्य शत्रूंची मी वही केली आहे. उंचीवरून गट पाडले. एल गिगांते, न्देसू आणि ओग्रोमॅन पहिल्या गटात; मिस्टर एक्स, नेमेसिस दुसऱ्यात. मावसभाऊ म्हणतो, हे सगळे टायरंटच आहेत, कंपनीनं नुसती नावं बदलली. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, सेलू

उत्तर : मावसभावाचं साफ चुकलंय. तुझं निम्मं.

आधी माझी फजिती ऐक. कृषी सहायक म्हणून लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मेव्हण्याचं सोयाबीन पिवळं पडलं. मी बांधावर उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मोझॅक आहे, पांढऱ्या माशीची फवारणी करा. त्यांनी केली. आठ दिवसांनी रान तसंच पिवळं. मग मी उकिडवा बसलो आणि पान हातात धरलं. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा, आणि तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. जमीन चुनखडीची, पिकाला लोह मिळत नव्हतं. मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे चट्टे कसेही विखुरलेले असतात. फेरस सल्फेट फवारलं, नवी पानं हिरवी आली. औषधाचे पैसे मेव्हण्यांनी मागितले नाहीत, पण दर भाऊबीजेला तो विषय ताटाबरोबर वाढतात.

तुझ्या वहीतली उंची म्हणजे ते पिवळेपण. दिसतं सगळ्यांना, कळत काही नाही. खेळातल्या विल्यम बर्किन या शास्त्रज्ञाचंच बघ. 1998 च्या दुसऱ्या भागात तो स्वतःला जी-व्हायरस टोचून घेतो, तेव्हा साधा माणूस असतो. मग दर भेटीला वाढत जातो, आणि शेवटी रेल्वेच्या डब्यात मावत नाही. तुझ्या हिशोबानं हा एकटाच चार गटांत बसेल! म्हणून पहिला रकाना कारणाचा कर : याला मोठं कशानं केलं? दुसरा : आधी काय होतं? तिसरा : कशानं पडतो? उंची शेवटी, जागा उरली तर.

आता मावसभावाला सांग, टायरंट हा एकाच कंपनीचा वाण आहे. खेळातल्या अम्ब्रेला कंपनीनं माणसाच्या देहावर टी-व्हायरस वापरून तयार केलेला. 1996 च्या पहिल्या भागातला टी-002 त्यातलाच, हृदय छातीच्या बाहेर आणि एका हाताला नखरांचा भलामोठा पंजा. मिस्टर एक्स म्हणजे टी-103, त्याच घराण्यातला. लांब कोट घालून पाठीमागं चालत राहतो. या दोघांत वाद नाही.

नेमेसिसपाशी मात्र थांब. 1999 च्या तिसऱ्या भागातला हा गडी देहानं टायरंटच आहे, पण त्याच्या अंगात एनई-अल्फा नावाचा परजीवी बसवलाय. म्हणून तो रॉकेट लाँचर चालवतो, नेमून दिलेली माणसं हुडकून मारतो. आमच्याकडं गावरान कोयीच्या रोपावर केशरचं कलम करतात ना, तसं. खुंट टायरंटचा, काडी परजीवीची. गावरान खुंटावर आहे म्हणून त्या झाडाला कुणी गावरान आंबा म्हणत नाही. नेमेसिस टायरंटच्याच पानावर लिही, पण स्वतंत्र ओळीत, आणि पुढं 'कलमी' असा शेरा मार.

एल गिगांतेचं पान पूर्ण वेगळं. (स्पॅनिशमध्ये म्हणतात हिगांते, आणि अर्थ नुसता 'राक्षस'. खेळातल्या गावकऱ्यांनी नाव ठेवताना डोकं फार चालवलेलं नाही.) 2005 च्या चौथ्या भागातल्या या गड्याच्या अंगात टी-व्हायरसचा थेंब नाही. त्याला प्लागानं, म्हणजे एका जुन्या परजीवीनं, फुगवलंय. पोराला घेऊन दिलेलं सेकंडहँड प्लेस्टेशन 2 तो पुण्याला गेल्यावर माझ्याकडं राहिलं, त्याच्यावर मी हा खेळ खेळलो. गावकरी फाटक उघडतात, राक्षस बाहेर येतो आणि आधी त्यांनाच उडवतो. मी नुसत्या गोळ्या घालत सुटलो. तेवढ्यात लाइट गेली. आठचं भारनियमन. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला एक कुत्रा धावत आला आणि राक्षस त्याच्या मागं लागला. खेळाच्या सुरुवातीला सापळ्यात अडकलेलं ते कुत्रं मी सोडवलं होतं, आणि विसरूनही गेलो होतो. राक्षस गुडघ्यावर आला की मानेमागून प्लागा बाहेर पडतो. आपल्या लिऑनला, म्हणजे खेळाच्या नायकाला, त्याच्या पाठीवर चढवायचं आणि सुरीनं त्यालाच कापायचं. आंब्यावरचं बांडगूळ काढताना आपण फांदीवर चढतो, तेच काम. फरक इतकाच, की आंबा आपल्याला धरून आपटत नाही.

न्देसूला याच पानावर घे. 2009 च्या पाचव्या भागात ट्रायसेल कंपनीनं तो प्लागावरूनच बनवला. म्हणजे वाण तोच, बियाणं कंपनी दुसरी. त्या भागातले नायक ख्रिस आणि शेवा त्याच्याशी गाडीवरच्या बंदुकीनं लढतात, सुरीचा प्रश्नच येत नाही. तरी गोळ्या घालायच्या त्या अंगातून बाहेर येणाऱ्या प्लागांवरच. तिसरा रकाना बदलला म्हणून पहिला बदलत नाही.

तू खरा फसलास तो ओग्रोमॅनला. दोष तुझा एकट्याचा नाही, मीही एका रात्रीपुरता फसलो होतो. 2012 चा सहावा भाग, इडोनिया देश, तोच डोंगराएवढा देह, तीच जड चाल, आणि मर्म पुन्हा पाठीवरच. मला वाटलं, प्लागा परत आला. पण याच्यामागं सी-व्हायरस आहे, परजीवी नाहीच. त्याला तिसरं पान द्यावं लागेल.

मग रूप इतकं सारखं का? माझं मत असं, की इथं कारण रोगात शोधू नये, खेळ बनवणाऱ्यात शोधावं. राक्षस हळू हलला तरच खेळणाऱ्याला पळायला वेळ मिळतो. मर्म पाठीवर ठेवलं की खेळणाऱ्याला फेरा घालून मागं जावं लागतं, आणि लढाईला रंगत येते. एकदा जमलेली ही रीत कॅपकॉमनं पुन्हा वापरली, त्यात मला गैर काही वाटत नाही. जत्रेतला पाळणेवाला तरी दरवर्षी नवा पाळणा कुठं आणतो? पण वहीत गट पाडताना ही रीत म्हणजे नातं समजू नकोस.

प्रश्न : लेडी दिमित्रेस्कू इतकी उंच आहे, तर तिला टायरंटची बाईजात म्हणायचं का? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडलेत.
– एक शिक्षिका, वसमत

उत्तर : नाही हो बाई. 2021 च्या 'व्हिलेज' या भागातल्या दिमित्रेस्कूबाईंच्या अंगात त्याच खेळातल्या मदर मिरांडानं काडू नावाचा परजीवी घातलाय आणि त्याचं मूळ बुरशीत आहे. टी-व्हायरसशी काही संबंध नाही. परजीवी म्हटल्यावर कुणी तिला प्लागाच्या पानावर ढकलेल, तेही करू देऊ नका. उवा आणि जंत दोन्ही परजीवीच, पण म्हणून जात एक होत नाही. उंचीचं म्हणाल तर कॅपकॉमच्या लोकांनी दिलेला 290 सेंटिमीटरचा आकडा टोपी आणि उंच टाचांसकट आहे. माप घेताना आपण पोरांच्या चपला काढायला लावतो, तिला कोण सांगणार!

प्रश्न : 2023 ला चौथा भाग नव्यानं आला. त्यातला एल गिगांते वेगळा मोजायचा का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : वेगळा मोजू नका. पिशवी नवी, वाण तोच. भट्टीच्या खोलीत दोन येतात, तेव्हा नव्या खेळात एकाच्या अंगावर चिलखत आहे, तेवढी नोंद तिसऱ्या रकान्यात करा. खालच्या तापल्या रसात पाडायची सोय दोन्ही खेळांत आहे. आणि हो, कुत्रं नव्या खेळातही येतं. आधी सोडवलं असेल तर.